तुटलेलं टोक दाखव

खाडीच्या मुखापाशी एक जुनी जेट्टी आहे. सुकतीचे शेवटचे दोन तास चालू होते. आतल्या कांदळवनातून गढूळ पाणी ओढीने बाहेर पडत होतं आणि कठड्यापाशी सात-आठ जण गळ टाकून, आपापलं अंतर राखून उभे होते. एका कॉलेजातल्या पोराच्या रॉडला ओढ बसली. रॉड पार मुठीपर्यंत वाकला, पण रीलचा आवाज काही आला नाही. जाणत्यांच्या माना वळल्या त्या न आलेल्या आवाजामुळेच. मग एक बारीक 'टप्', रॉड सरळ, आणि पोरगा वाऱ्यावर उडणाऱ्या दोऱ्याकडे बघत राहिलेला. त्याच्या शेजारी तासाभरात कोणाशी चकार शब्द न बोललेले एक काका होते. त्यांनी आपला दोर गुंडाळला, रॉड कठड्याला टेकवला आणि जवळ येऊन म्हणाले, "टोक दाखव." पुढचा अर्धा तास त्यांनी त्या पोराला गाठ बांधून दाखवली, पिशवीतून स्प्रिंगचा वजनकाटा काढून ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोर सुटावा ते ठरवणारा रीलचा ब्रेक, लावून दिला, आपल्या डब्यातल्या दोन जिवंत कोळंब्याही दिल्या. तो अर्धा तास म्हणजे भर सुकतीचा, ज्याच्यासाठी लोक रजा टाकून येतात. शेवटी पोराने धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला जिताडे लागतात ते कुठे?" काका पाण्याकडे बघत म्हणाले, "असेच. इकडेतिकडे."

हे 'इकडेतिकडे' मनातून जात नाही.

वेळ दिला, चारा दिला, वर्षानुवर्षांत हाताला बसलेली गाठ दिली. जागा मात्र दिली नाही. आणि हे एकट्या काकांचं नाही. दाभोळच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंत कुठल्याही खडपावर (किनाऱ्याच्या कातळावर), जेट्टीवर, पुलाखाली जा, गरवणारी, म्हणजे गळाने मासे धरणारी, माणसं अशीच भेटतात. तोंडाने मिताक्षरी, हाताने उदार. त्यांच्या देण्याला आणि राखण्याला एक शिस्त आहे, आणि ती कळायची तर आधी ते काय देतात ते नीट बघावं लागतं.

सुरुवात त्या टोकापासूनच. मासा सुटल्यावर जाणता माणूस हळहळत नाही, तुटलेला दोर बोटांत धरून उजेडाकडे करतो. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली आहे, तुटलेलं काही नाही. दोष बांधणाऱ्या हाताचा. टोकाच्या आधीचा वीतभर लीडर (मुख्य दोर आणि गळ यांच्यामधला तंगुसाचा तुकडा) पांढुरका, खरखरीत झालेला असेल तर तो कालवांवर नाहीतर खांबावर घासला. अशा वेळी लीडर जाड हवा आणि मासा पहिल्याच धावेत वर उचलायला हवा. ब्लेडने कापावं तसं स्वच्छ टोक असेल तर ते दाताचं काम, केंडाचं किंवा तोणकीचं. केंड असेल तर तिथून उठलेलं बरं, कारण तो मासा गळामागून गळ कापत राहतो, आणि हाती लागला तरी विषारी, खायचा नाही. आणि टोक ओढून लांबवल्यासारखं बारीक झालेलं असेल तर दोरावर त्याच्या ताकदीबाहेर भार आला. त्या पोराचं टोक तसं होतं. ड्रॅग चावी फिरेल तितका घट्ट केलेला होता.

ड्रॅगबद्दल इतका चुकीचा सल्ला फिरतो की तो नेमका सांगणारा माणूस भेटला तर त्याच्या पाया पडावं. अंगठ्याने दोर ओढून 'बरोबर वाटतोय' म्हणणं निरुपयोगी आहे. दोर रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवायचा, टोकाला वजनकाटा अडकवायचा, दुसऱ्याने रॉड मासा खेळवताना धरतात तसा तिरका धरायचा, मग ओढायचं आणि रील दोर सोडू लागेल त्या क्षणी काट्यावरचा आकडा वाचायचा. हा आकडा दोराच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईच्या मध्ये हवा. ३० पौंडी ब्रेडेड (बारीक धाग्यांचा विणलेला) दोर म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा. त्याला साडेतीन ते साडेचार किलोच्या ड्रॅगवर थांबायचं. एवढा कमी का, तर गाठीपाशी दोर आपली काही ताकद हरवून बसलेला असतो. ब्रेडेड दोर नायलॉनच्या साध्या तंगुसासारखा लांबत नाही, म्हणून धक्का सगळा गाठीवर येतो. आणि तिसरं कारण बहुतेकांना ठाऊकच नसतं: मासा दोर काढत जातो तशी रिळावरची गुंडाळी बारीक होते, आणि चावीला हात न लावताही ड्रॅग आपोआप जड होत जातो. गुंडाळीचा व्यास निम्म्यावर आला की ओढ दुपटीवर जाते. लांब धाव घेतलेल्या माशाच्या वेळी ड्रॅग घट्ट नाही, थोडा सैल करावा लागतो. नवशिका नेमका उलट करतो, दोर संपत चाललेला बघून चावी आवळतो. घरी आल्यावरचं काम वेगळं. रील धुताना ड्रॅग आवळायचा म्हणजे पाणी आत चकत्यांपर्यंत जात नाही, नळाची जोराची धार मारायची नाही, आणि वाळवून ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल सोडायचा. आवळून ठेवलेल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या खेपेला ड्रॅग अडखळत सुटतो. पहिल्या धक्क्याला दोर तुटायला तेवढं पुरतं.

गाठीचं शिक्षण तर हातातून हातातच होतं. ब्रेडेड दोराला लीडर जोडायची एफजी गाठ कितीही चित्रं बघितली तरी येत नाही, कारण तिचा सगळा जीव ताणात आहे. लीडर ताणून धरायला एक माणूस लागतो, आणि तो जवळ असला की गाठ दहा मिनिटांत समजते. ब्रेडेड दोर लीडरवरून एकदा वरून, एकदा खालून असा वीसेक वेळा आडवातिडवा घ्यायचा. वेढे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, शेजारी शेजारी बसवायचे. मग दोन अर्ध्या गाठी, आणि आता ओलं करून दोन्हीकडून खेचायचं. खेचताना ब्रेडेडचा रंग गडद होतो, वेढे लीडरच्या अंगात रुतल्याची ती खूण. रंग बदलला नाही तर गाठ फेकायची, मनाची समजूत घालायची नाही. रुतल्यावरच लीडरचं उरलेलं टोक कापायचं आणि वर पाच-सहा अर्ध्या गाठी मारायच्या. वाऱ्यात, अंधारात, थरथरत्या बोटांनी हे जमणार नसेल तर सरळ दुहेरी युनी गाठ मारावी. जाड पडते, कड्यांत खडखडते, पण धरते. आणि गाठ कुठलीही असो, आवळण्याआधी थुंकी लावायची. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. 'थुंकी लाव रे' हे वाक्य अनोळखी माणूस खांद्यावरून वाकून सांगतो आणि कोणाला त्याचा राग येत नाही, हे मला फार लोभस वाटतं.

सगळ्यात कमी साहित्य असलेला माणूस बहुधा सगळ्यात जास्त जाणतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून बसलेले, लुंगीतले म्हातारे प्रत्येक खाडीवर असतात. ना रॉड, ना रील. तर्जनीच्या पेरावर दोर ठेवलेला, आणि त्या पेराला खाली काय चाललंय ते सगळं कळतं: खेकडा ओढतोय, शिंगाळा चोखतोय की पालू टोचून बघतोय. शिशाचं गणित शिकावं ते यांच्याकडून. शिसं तळ धरेल इतकंच, त्याहून एक गुंजही जास्त नको. ते दोरावर बांधून टाकायचं नाही, सरकतं ठेवायचं, म्हणजे माशाने चारा उचलला की दोर शिशातून सरकतो आणि त्याला वजन जाणवत नाही. खडपात मात्र वेगळी युक्ती: शिसं मुख्य दोरापेक्षा बारीक तंगुसाच्या तुकड्याने खाली लटकवायचं. कपारीत शिसंच अडकतं. बारीक तुकडा तुटतो, शिसं जातं, गळ आणि मासा हाती राहतात. पाच रुपयांच्या तुकड्याने वाचवलेले मासे कोणी मोजत नाही.

कोळंबी गळाला लावण्यावरून खडपावर वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. डोक्यातून लावायची तर शिंगाखालच्या काळ्या ठिपक्याच्या पुढून, पाठीच्या कवचाच्या अगदी वरच्या थरातून. ठिपक्याला गळ लागला की कोळंबी मेली. ओढ जास्त असेल आणि लांब फेकायचं असेल तर शेपटीच्या शेवटून दुसऱ्या पेरातून. तिथून लावलेली कोळंबी उलटी उडी मारते, आणि तिची ती 'टिक' जिताड्याला लांबून ऐकू जाते. तांबोशीसाठी लहान खेकडा, नांग्या मोडून, मागच्या पायाच्या मुळाशी गळ. बोय हा लहान मासा जिवंत लावायचा तर पाठीवरच्या काट्याच्या जरा पुढे, कण्याच्या वर. पण या साऱ्याआधी चारा जिवंत राहायला हवा, आणि बहुतेकांचा चारा जेट्टीवर पोचण्याआधीच डब्यात अर्धमेला होतो. कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. डबा सावलीत, वर ओलं गोणपाट, दाटी कमी, आणि दर अर्ध्या तासाला निम्मं पाणी बदललेलं. बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप असला तर उत्तम, नसला तरी एवढ्याने भागतं.

वेळेचा सल्ला पंचांगावर चालतो. आता भरतीची वेळ फोनवर मिळते, पण म्हाताऱ्यांचा हिशेब अजून तोंडी आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दिवसा आणि रात्री दोन्ही. मुंबईच्या पाण्याला हे बरंच जुळतं. दक्षिणेला मालवणकडे जावं तशी भरती थोडी अलीकडे येते. या एका पाऊणपटीत किती समजूत साठलेली आहे! पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरती दुपारी आणि मध्यरात्री, सकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं आणि गढूळ. अष्टमी-नवमीला भांग, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ मंद, गाळ बसलेला, आणि भरती नेमकी उजाडताना. खडपावरून ल्यूर (चाऱ्याऐवजी खोटा मासा) मारणारे म्हणून भांगेची वाट बघतात, नितळ पाण्यात माशाला ल्यूर दिसतो. खाडीच्या मुखावर चाऱ्याने गरवणाऱ्याला मात्र उधाणाची सुकती हवी, कारण ती कांदळवनातली कोळंबी आणि बोय उपसून बाहेर आणते आणि जिताडा खांबाच्या आडोशाला तोंड ओढीकडे करून उभा राहतो. तेव्हा 'भरतीला ये' हा सल्ला नव्हे. कोणत्या तिथीची, कोणत्या जागी, चढती की उतरती, हे सांगतो तो खरा सांगणारा.

माणूस आपल्याला किती जवळचा मानतो ते मला या नेमकेपणातच दिसतं. मोघम सल्ला ही नम्रपणे बंद केलेली कडी असते. 'चांगला गळ वापर', 'धीर धर', 'पहाटे ये' हे कोणीही कोणालाही देतो. 'सर्कल गळ लावलायस ना, मग झटका मारू नको, रॉड तसाच राहू दे, दोर ताणला की नुसतं गुंडाळायला लाग, तो आपणच जबड्याच्या कोपऱ्यात बसेल' असं जो सांगतो, त्याने आपल्या चार चांगल्या माशांचं नुकसान त्या वाक्यात घातलेलं असतं. उलट बाजूही आहे. मासा लागल्यावर मागून चार आवाज एकदम येतात: मार, सोड, आवळ, उचल! यातला प्रत्येक जण मनापासून बोलत असतो आणि चौघांच्या मनापासूनपणात मासा जातो. म्हणून चांगल्या मंडळीत अलिखित नियम असतो की लागलेल्या माशावर एकच जण बोलणार, तोही विचारलं तर. बाकीच्यांनी करायचं ते एवढंच: आपापले दोर चटकन गुंडाळून पाणी मोकळं करायचं, आणि एकाने जाळी घेऊन खाली उतरायचं. जाळी माशाच्या मागे धावत न्यायची नाही, पाण्यात बुडवून धरायची आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्यायचा. दोराला हात लावायचा नाही. खडपावर असाल तर लाट उचलून देईल त्या लाटेची वाट बघायची, परतणाऱ्या लाटेशी ओढाताण केली की दोर तुटतो. आपला भर सुकतीतला दोर दुसऱ्याच्या माशासाठी गुंडाळणं, यात या छंदातली सगळी मैत्री आली असं मला वाटतं. एकमेकांचं आडनाव माहीत नसलेली माणसं हे करतात.

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टींत मात्र मोघमपणा कोणी चालवून घेत नाही, आणि तिथे अनोळखी माणूसही दरडावतो. खडपावर पाय ठेवण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र बघायचा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मध्ये कितीतरी वेळ शांत जातो आणि तो शांतपणा फसवतो. कातळ जिथवर ओला आहे तिथवर लाट येते, मग ती आत्ता दिसो न दिसो. हिरवं शेवाळ म्हणजे पाय ठेवायचा नाही. पावसाळ्याचे चार महिने खडप वर्ज्य, वाद नाही. परतीची वाट चढत्या पाण्याने तुटणार असेल तर तिथे मासा कितीही असो, जागा आपली नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन्ही काटे विषारी असतात. लागला तर बर्फ नको, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा. ते विष उष्णतेने निकामी होतं. थर्मासमध्ये चहाऐवजी गरम पाणी घेऊन येणारी माणसं यासाठीच.

गोड्या पाण्याकडे रीत तीच, बोली वेगळी. पवईच्या तळ्यावर तर राज्याची अँगलिंग असोसिएशनच आहे. धरणांच्या काठांवर कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी हे पहिल्याच दिवशी सांगून होतं आणि मग पिठाचा गोळा किती घट्ट मळायचा यावर आयुष्य जातं. महासीरचं नाव निघालं की तिथेही आवाज खाली येतो. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं वाढवली आणि पाण्यांत सोडली, आणि महाडजवळ वाळण कोंडीत लोक श्रद्धेने तो मासा धरतच नाहीत, खायला घालतात. धरला तरी सोडायचा मासा आहे तो. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, कल्ल्यात बोटं न घालता, आणि पाण्याबाहेर फोटोपुरतासुद्धा फार वेळ नाही.

आता ते 'इकडेतिकडे'. यात थोडा स्वार्थ आहे, तो नाकारू नये. वर्षं घालून शोधलेली कपार रविवारी वीस जणांनी भरलेली कोणाला आवडेल? पण माशाकडून पाहिलं तर ते गुपित फार शहाणपणाचं ठरतं. हेकरू एका कपारीला घर करून राहतो आणि सावकाश वाढतो. चार सुट्ट्यांत एक खडप रिकामं करता येतं आणि मग ते कितीतरी वर्षं रिकामंच राहतं. शिवाय त्याच्यातली मादी मोठी होऊन नर बनते, म्हणजे फक्त थोराड मासे उचलत गेलो तर नर संपतात. जिताड्याचं उलट: तो आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. फोटोत मिरवलेला दहा किलोचा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी ती अंडी घालायलाच आलेली असते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांना धरण्याची किमान लांबी ठरवून दिली. लहान मासा त्यामुळे निदान कागदावर वाचला. पण मोठ्या मादीला असा कोणताही आकडा वाचवत नाही, तिला वाचवतं कोणीतरी जागा न सांगणं. म्हणून जाणते लोक फोटो काढताना पाठ आकाशाकडे किंवा कोऱ्या कातळाकडे करतात. मागे दीपगृह, पूल, टेकडी काही दिसू देत नाहीत. फोनमधलं ठिकाण नोंदवायचं बटण बंद ठेवतात. मी वर त्या जेट्टीचं नाव लिहिलं नाही ते याच कारणाने.

गाठ दिल्याने गाठ संपत नाही, कपार दिल्याने संपते. एवढा साधा हिशेब आहे, आणि काकांनी तो न बोलता पाळला.

तरीही जागा दिल्या जातात. सांगून नव्हे, नेऊन. त्याआधी बरंच काही बघितलं गेलेलं असतं: हा कापलेल्या तंगुसाचे तुकडे खडपावर टाकतो की खिशात भरतो, वीतभर हेकरू सोडतो की पिशवीत घालतो, दुसऱ्याच्या माशाला आपला दोर गुंडाळतो का, आणि सुटलेल्या माशाचं टोक बघतो की नशिबाला बोल लावतो. मग एखाद्या संध्याकाळी, सामान आवरता आवरता, नेहमीच्या त्रासिक आवाजात ऐकू येतं: "परवा नवमी. पावणेसातला भरती. साडेचारला नाक्यावर थांब. चाळीस पौंडी लीडर आण, गळ काटा दाबून सपाट केलेले, बूट तळाला खिळे असलेले. एकटा ये."